जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलावा का?

प्रश्न : माझ्या संगणकात कोअर आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. गेम खेळताना चित्र सारखे अडखळते. नवा संगणक घेण्याची ऐपत सध्या नाही. नुसता प्रोसेसर बदलून भागेल का?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : आधी दोष प्रोसेसरचाच आहे याची खात्री करून घ्या. गेममधील रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) अगदी खाली आणून तोच भाग पुन्हा खेळून पाहा. तरीही फ्रेमची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) संख्या वाढली नाही, तर प्रोसेसर कमी पडतो आहे असे समजावे. आपल्या आय३मध्ये दोनच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असल्यामुळे तसे आढळण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आपल्या बोर्डावर एलजीए ११५५ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची खाच, आहे. त्यात इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११-१२च्या सुमाराचे प्रोसेसर बसतात. त्यांतील चार कोअर व आठ थ्रेडचा (एका वेळी आठ कामे हाताळणारा) आय७-३७७० मला आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटतो; तो वापरलेलाच घ्यावा लागेल. ३७७०के या प्रकारासाठी जादा पैसे मोजू नका, कारण ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) सोय एच६१वर मुळात दिलेली नाही.

सर्वाधिक काळजी बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीची, घ्यावी. जुन्या एच६१ बोर्डांना तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोस अद्ययावत करावे लागते, आणि ते जुना आय३ बसवलेला असतानाच करायचे असते. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून आपल्याकडील विजेचा भरवसा न धरता यूपीएस जोडूनच ते करा. या सॉकेटच्या नाजूक पिना बोर्डावर असतात, त्यांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसर व कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते. आय३ ६५ वॅटचा, तर ३७७० ७७ वॅटचा आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जादा उष्णतेचा हा फरक जाणवेल, म्हणून कूलरमधील धूळ आधी साफ करा.

मात्र याहून अधिक खर्च या बोर्डावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ३७७०मध्ये एव्हीएक्स२ ही सुविधा (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक संच) नसल्याने काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत, आणि विंडोज ११ला तो अधिकृतपणे चालत नाही. खेळायच्या गेमच्या किमान अटी वाचल्यावरच खरेदीला जा, आणि दुकानदार प्रोसेसर बोर्डावर लावून, चालवून दाखवत नसेल तर तो घेऊ नका.