कोल्हापुरात दोन वर्षं रिअ‍ॅक्टवर (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) काम करतोय. फुल-स्टॅक (स्क्रीनवर दिसणारा फ्रंटएंड आणि मागचा सर्व्हर-डेटाबेस, दोन्ही) व्हायला नोड शिकू की जावा?

नोडच घ्या. त्यात सर्व्हरवरही जावास्क्रिप्टच चालते आणि ती तुम्हाला येतेच, तेव्हा नव्या भाषेवर जाणारा वेळ डेटाबेसला द्या. इथल्या व्यापाऱ्यांसाठी मी हीच कामं करतो, आणि फ्रंटएंडकडून आलेली मुलं अडकतात ती डेटाबेसपाशीच. समजा, गुळाच्या अडत्याचं अ‍ॅप आहे, शिल्लक ४० रवे. दोघांनी एकाच क्षणी ३०-३० मागितले. आधी शिल्लक वाचून मग वजा करणारा कोड दोघांनाही हो म्हणून बसतो! म्हणून ‘शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच वजा कर’ ही अट अपडेटच्या क्वेरीतच (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेतच) घालायची आणि किती ओळी बदलल्या ते बघायचं. एकही नाही, तर ऑर्डर नाकारायची. पोस्टग्रेस या डेटाबेसवर दोन टर्मिनल उघडून हे स्वतः करून बघा, मग डोक्यात पक्कं बसतं. ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो, तेव्हा तीच सर्व्हरवर पुन्हा हवी. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपातच, ठेवा. मात्र बँकिंगच्या मोठ्या प्रकल्पांतली नोकरी हवी असेल, तर तिथे जावा आणि तिचं स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क बरंच चालतं. मग तिकडूनच सुरुवात करा.