वाचकांचे प्रश्न : मृगापासून मृगापर्यंत

प्रश्न : गेल्या जानेवारीत आमच्या वसाहतीत आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट सुरू केला. पहिल्या आठवड्यात बावीस जण होते, होळीपर्यंत सात उरले आणि पावसाळा लागताच तेही घरी बसले. आपला साताऱ्यातील गट अकरा वर्षे बारा महिने चालतो, असे आपण मागे लिहिले होते. वर्षभराचे नियोजन आपण कसे करता, ते सविस्तर सांगावे. (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्या पत्रातला ‘जानेवारी’ हाच शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नव्या वर्षाचा संकल्प, गुलाबी थंडी आणि नवे बूट या तिन्हींच्या जोरावर जमलेली मंडळी थंडीबरोबरच पांगतात, हा अनुभव आम्हीही पहिल्या दोन वर्षांत घेतला. त्यानंतर आम्ही आमचे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे साधारण 7 जूनपासून धरू लागलो. पहिल्या पावसात छत्री घेऊन जो पावणेसहाला घराबाहेर पडतो, त्याला थंडीत बोलवावे लागत नाही. हा नियम थोडा कठोर आहे, पण आमचा गट कशामुळे टिकला असे विचारलेत, तर दुसरे कोणतेही कारण मला सांगता येणार नाही.

आमची रोजची वाट अजिंक्यताऱ्याची आहे. शहराला खेटून उभा असलेला गड, वर दरवाजापर्यंत गेलेला डांबरी रस्ता आणि वाटेत कुठूनही माघारी फिरण्याची सोय, यामुळे ज्याला जितके झेपेल तितके त्याने चालावे, अशी मोकळीक आपोआप मिळते. काही जण पहिल्या वळणावरून परततात, काही महादरवाजापर्यंत येतात आणि चार-पाच जण मंगळाईच्या देवळापर्यंत जाऊन येतात. औरंगजेबाच्या वेढ्यात 1700 साली मोगलांनी ज्या बाजूला सुरुंग उडवले आणि ज्यातल्या दुसऱ्याने त्यांचेच सैनिक गाडले, ती ही मंगळाई बुरुजाची बाजू. गड घेतल्यावर औरंगजेबाने त्याचे नाव ‘आझमतारा’ ठेवले आणि पुढे ताराराणींनी तो परत जिंकल्यावर तो ‘अजिंक्यतारा’ झाला. हा इतिहास आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे, कारण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

रोजची वाट ठरलेली असली की वर्षाचे नियोजन म्हणजे केवळ महिन्यातून एक मोठी फेरी एवढेच उरते. ही फेरी कोठे काढायची, हे आम्ही बैठक घेऊन ठरवत नाही. ते ऋतूने आणि पंचांगाने आधीच ठरवलेले असते.

पहिली फेरी वारीची. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला सातारा जिल्ह्यात येते. तिच्या लोणंद ते तरडगाव या टप्प्यात आम्ही एक दिवस चालतो. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने लोणंद गाठायचे, दिंड्यांच्या कडेकडेने निघायचे आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण पाहून तरडगावाहून परतायचे. हा टप्पा छोटा असल्यामुळे सत्तरीतली मंडळीही तो सहज पुरा करतात. पंढरपूरपर्यंत जाणाऱ्या वारकऱ्यांच्या पुढे आमचे एका दिवसाचे चालणे फारच तोकडे, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही पायाखालचा रस्ता न पाहता पुढच्याच्या पावलाकडे पाहत कसे चालायचे, हे आमच्या गटाला त्या गर्दीनेच शिकवले.

जुलैमध्ये आम्ही मोठी फेरी काढत नाही. धुक्याने गड दिसत नाही, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते आणि छत्री उलटी होते. अशा दिवसांत चार पावले कमी चालून खाली टपरीवर चहा घेतला तरी हजेरी लागली असे आम्ही मानतो. आपल्या गटाचा पावसाळ्यात बंद पडण्याचा प्रश्न नेमका येथे सुटू शकेल. पावसाळ्यात अंतर कमी करावे, वेळ बदलू नये.

श्रावणातल्या एका शनिवारी जरंडेश्वर. जरंड्याच्या मारुतीला श्रावणी शनिवारी जाण्याची साताऱ्याची जुनी रीत आहे आणि संजीवनीचा डोंगर नेताना मारुतीच्या हातून पडलेला तुकडा म्हणजे हा डोंगर, अशी कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. चढण दमवणारी आहे, पायऱ्या ओल्या असतात आणि माकडे हातातली पिशवी सोडत नाहीत.

याच डोंगरावर चौथ्या वर्षी आम्हाला अद्दल घडली. त्या दिवशी पुढचे सहा-सात जण भराभर चढून गेले, मधले गप्पांत रमले आणि मागे राहिलेले एक निवृत्त शिक्षक धुक्यात वाट चुकून गुरांच्या वाटेला लागले. देवळाच्या ओट्यावर बसून नारळ फोडताना कोणाच्या तरी लक्षात आले की गुरुजींचा वाटा घ्यायला गुरुजीच नाहीत. फोन लागेना. हाका धुक्यात विरून जात होत्या. दीड तासाने एक गुराखी पोरगा त्यांना हाताला धरून घेऊन आला, तेव्हा त्यांच्या चष्म्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि ते त्या पोराला अडीचकीचा पाढा विचारत होते. आम्ही हसलो खरे. पण त्यांच्या पत्नीला संध्याकाळी काय सांगायचे, या विचाराने माझे हातपाय थरथरत होते, हे मी येथे प्रथमच लिहीत आहे. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून प्रत्येक फेरीत सर्वांच्या मागे चालणारा एक अनुभवी माणूस ठरलेला असतो. गिर्यारोहक मंडळी त्याला ‘बॅकलीड’ म्हणतात, आमच्याकडे त्याला ‘शेपूट’ म्हणतात. शेपटाच्या पुढे सगळे, मागे कोणीही नाही, आणि प्रत्येक मोठ्या वळणावर शेपूट दिसेपर्यंत पुढच्यांनी थांबायचे, असा आमचा नियम आहे. या नियमामुळे वेगाने चालणारे दोघे-तिघे गट सोडून गेले. मला त्याचे वाईट वाटले नाही.

सप्टेंबर कासचा. पश्चिम घाटातील जी 39 स्थळे 2012 साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाली, त्यांत कास पठार आहे आणि फुलांच्या हंगामात तेथे प्रवेशावर मर्यादा असते. म्हणून आम्ही मधल्या वारी जातो आणि मुख्य पठारावरची गर्दी टाळून राजमार्गाने कुमुदिनी तलावाकडे चालत जातो. चालणाऱ्यांच्या गटाला कासवर एक वेगळीच शिस्त लावावी लागते, ती म्हणजे थांबण्याची. जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत उगवणारी सीतेची आसवे, गेंद आणि कीटक खाणारी दवबिंदू ही फुले उभ्याने चालत गेले तर दिसतच नाहीत. गुडघ्यावर बसून पाहिले की पायाखाली किती बारीक जग आहे ते कळते आणि पुढचे पाऊल टाकायला धजत नाही. वायतुरा या पाणथळ वनस्पतीच्या शास्त्रीय नावात तर साताऱ्याचेच नाव आहे. हे कळल्यापासून आमच्यातल्या काहींचा जिल्ह्याचा अभिमान जरा जास्तच वाढला आहे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि दिवाळीच्या फराळात गट निम्मा होतो, त्याची काळजी करू नये. थंडीत सगळे परततात. डिसेंबर-जानेवारीत परळीहून सज्जनगडाच्या पायऱ्या चढतो आणि माघात लिंब गावाच्या शेतांमधून बारा मोटांच्या विहिरीपर्यंत जातो. शाहू महाराजांच्या काळात बांधलेल्या त्या अष्टकोनी विहिरीच्या आतल्या दालनात बसून डबे उघडले की बाहेरचे ऊन विसरायला होते. एप्रिल-मे महिन्यांत चढ पूर्ण बंद. त्या दिवसांत पहाटे साडेपाचला निघून कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला जायचे आणि ऊन चढण्याआधी परतायचे. छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी तेथे आहे. गटातल्या मुलांना घाटांपेक्षा आणि देवळांपेक्षा तीच पाहायची असते. मग पुन्हा मृग.

आपल्या कराडला तर प्रीतिसंगम घराशी आहे आणि आगाशिवचा डोंगर जवळ आहे. रोजसाठी संगम व रविवारसाठी आगाशिव एवढे ठरवून येत्या 7 जूनला सुरुवात करावी. सात जण आले तरी पुरे.

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण त्यांना आमच्या गटाबरोबर टेकडी चढण्याची फार हौस आहे. त्यांना न्यावे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : डॉक्टरांनी चालण्यास मनाई केलेली नसेल तर अवश्य न्यावे, परंतु टेकडीवर नव्हे, आधी सपाटीवर. चढताना दम लागतो म्हणून आपण चढाला घाबरतो. प्रत्यक्षात गुडघ्यांवर अधिक भार उतरताना येतो. दोन महिने सपाट रस्त्यावर रोज अर्धा तास चालणे जमले की मग थोडा चढ घ्यावा, हातात काठी द्यावी आणि उतरताना लहान पावले टाकण्यास सांगावे. दुसऱ्या दिवशी दुखणे नेहमीपेक्षा वाढले, तर अंतर कमी करावे. आपण स्वतः त्यांच्या मागे नव्हे, शेजारी चालावे. मागे चालणारी सून घाई करते आहे असेच सासूबाईंना वाटत राहते, असे आमच्या गटातील एका सासूबाईंचे मत आहे.

प्रश्न : घड्याळात रोज 10,000 पावले पूर्ण झाली नाहीत तर चालणे व्यर्थ जाते का? आमच्या गटात यावरून रोज वाद होतात. (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : व्यर्थ जात नाही. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावले’ होते आणि तेथून तो जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास असे चालावे की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. आमच्याकडे एक गृहस्थ घरी परतल्यावर उरलेली पावले पुरी करण्यासाठी दिवाणखान्यात येरझारा घालत असत. त्यांच्या पत्नीने एके दिवशी ते घड्याळ नातवाच्या मनगटाला बांधले आणि दुपारपर्यंत दहा हजार पुरे झाले.

प्रश्न : आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचे आणि राजकारणाचे इतके संदेश येतात की ‘उद्या कोठे जमायचे’ हेच सापडत नाही. वर्गणी घ्यावी का, यावरही मतभेद आहेत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन गट करावेत. पहिल्यात फक्त एकाने लिहावे : वार, वेळ, ठिकाण. दुसऱ्यात ज्याला जे हवे ते लिहू द्यावे. तेथे कोणी काय लिहिले याचा विषय चालताना काढू नये. वर्गणी मात्र घेऊ नये. पैसे जमले की खजिनदार लागतो, खजिनदार आला की हिशेब येतो आणि हिशेबामागोमाग कार्यकारिणीची निवडणूक येते. आम्ही तिसऱ्या वर्षी त्या वाटेने थोडे पुढे जाऊन वेळीच परत फिरलो. एसटीचे तिकीट ज्याचे त्याने काढावे. चहाचे पैसे त्या दिवशी जो सर्वांत शेवटी पोहोचला त्याने द्यावेत, असे आमच्याकडे आधी होते. पण त्यामुळे शेपूट नेमलेला माणूसच दर वेळी भुर्दंड भरू लागला, म्हणून आता सर्वांत आधी पोहोचणारा देतो.