माझा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, पण लघवीचा थेंबच येतो. घरी काय उपाय करता येईल? आणि हे पुन्हा होतं का?

तुम्ही लिहिलंय की बोका चार वर्षांचा आहे, नसबंदी झालेली आहे, फक्त कोरडं खाणं खातो आणि काल दुपारपासून दर दहा-पंधरा मिनिटांनी ट्रेमध्ये बसून ओरडतोय. एखादा लालसर थेंब सोडून काही येत नाही. हे वाचताना तो अजून तसाच बसत असेल, तर बाकीचं उत्तर रिक्षात वाचा. अडकलेल्या लघवीवर घरगुती उपाय नाही.

बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाला अगदी अरुंद होत जाते. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकला की मूत्राशय तुंबतं, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण अडकलं असेल तर 24 ते 48 तासांत प्रकृती ढासळते आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. उलट्या, खाणं बंद, अंग गार पडणं, कोपऱ्यात निपचित बसणं ही सगळी उशिराची लक्षणं आहेत, त्यांची वाट बघू नका. भाटीची नलिका आखूड आणि रुंद असते, ती सहसा अडकत नाही. रक्त दिसलं तर दाखवायचं तिलाही, पण तिच्यासाठी रात्री दोनला धावावं लागत नाही.

निघण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा, ‘बोका आहे, लघवी अडकलीय, तुमच्याकडे नळी घालतात का?’ नुसतं ‘मांजर शू करत नाही’ म्हटलं तर उद्याची वेळ मिळते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाईम्हशींची सवय जास्त, मांजराची बारीक नळी तिथे असेलच असं नाही. तोवर माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं. आणि पोट दाबून लघवी काढायला तर अजिबात जाऊ नका, तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.

इतकं ठासून लिहितेय, कारण आमच्या खंडूच्या वेळी मी एक अख्खी रात्र घालवली. 2022 चे गणपती. घरात बारा माणसं, आणि येणाजाणाऱ्यांना नको म्हणून मी त्याचा ट्रे पॅसेजमधून उचलून गॅलरीत वॉशिंग मशीनमागे ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सारखा बसायला लागला. कुंथताना शी आणि शू दोन्हींसाठी बसायची ढब सारखीच दिसते, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या, ‘पोट साफ होत नाहीये, तूप दे चमचाभर.’ दिलं. रात्री तो ट्रे सोडून मोरीच्या गार जाळीवर जाऊन बसला, शेपूट थरथरतेय आणि खाली फरशी कोरडी. एका दवाखान्यात फोन केला, तर सकाळी दहाला आणा म्हणाले. पहाटे त्याने फेसाची उलटी केली.

सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझी बोटं हळूच तिथे टेकवली. आत मोसंबीएवढा टणक गोळा. हलकी भूल, नळी, सलाईन. पिशवीत उतरलेली लघवी थेट कोकम सरबताच्या रंगाची होती, आणि डॉक्टरांनी दोन थेंब चिमटीत चोळून दाखवले तेव्हा रव्यासारखी कचकच लागली. तीन दिवस तो तिथे होता, साडेतेरा हजार झाले. अडथळा निघाल्यावर एक-दोन दिवस लघवी धो धो होते आणि त्यात शरीरातलं पाणी, क्षार वाहून जातात. ‘नळी घातली ना, मग आता घरी सोडा’ असा हट्ट मी करत होते, तो किती चुकीचा होता हे तेव्हा कळलं.

आता जीव वाचल्यानंतरचं. रक्त, थेंब थेंब, सारखं बसणं हे दिसलं की आपण मुतखडा किंवा ‘इन्फेक्शन’ म्हणतो. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो. तो म्हाताऱ्या, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या मांजरांत जास्त. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत सगळ्यात जास्त आढळते ती मूत्राशयाची अशी सूज, जिचं कारण तपासण्यांत सापडत नाही आणि जिच्यामागे ताणाचा मोठा हात असतो. ती बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरते. म्हणूनच मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकला फुकटचं श्रेय मिळतं, आणि पुढच्या वेळी शेजारणीलाही तीच गोळी सुचवली जाते.

खडे असले तर कोणते, यावर सगळं अवलंबून. स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे मूत्राशयातले खडे डॉक्टरांनी दिलेल्या खास खाण्यावर काही आठवड्यांत विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. खडा कोणता हे कळायच्या आधीच जवाचं पाणी, व्हिनेगर, कुणाच्या काकांना लागू पडलेला काढा असलं काही पाजण्यात अर्थ नाही. एक्स-रे, सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करा. नमुना ताजा न्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत स्फटिक नंतरही तयार होतात आणि रिपोर्टमध्ये ते आजार असल्यासारखे दिसतात. शिवाय रिपोर्टात थोडे स्फटिक दिसले म्हणून घाबरू नका, धडधाकट मांजरातही ते असतात.

माझं मत विचाराल तर नळी निघाल्यावर या दुखण्याचा अर्धा इलाज घराच्या मांडणीत असतो. खंडूचंच घ्या ना. ढोल-ताशा, अनोळखी माणसं, आणि वर ट्रे अशा ठिकाणी की जिथे मशीन कधीही धडधडायला लागेल. तो धरून ठेवत राहिला. आता ट्रे पॅसेजमध्येच असतो, पाहुण्यांना वास आला तर येऊ दे. एकापेक्षा जास्त मांजरं असतील तर जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एका ओळीत नकोत, नाहीतर दांडगं मांजर एकाच जागी बसून सगळ्यांवर पहारा देतं. ट्रे मोठा हवा. दुकानातले ‘मांजरांचे’ ट्रे आमच्या साडेपाच किलोच्या ध्यानाला पुरत नाहीत, आम्ही भांड्यांच्या दुकानातून कपडे भिजवायचं पसरट टब आणलं. ट्रेची माती बदलायची असेल तर एकदम बदलू नका, जुन्याशेजारी नवीन ठेवून निवडू द्या.

दुसरी गोष्ट पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. थोड्या पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करायची ही त्याची जुनी सवय, तहान त्याला उशिरा कळते. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, पाउचमधल्या ओल्या खाण्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के. म्हणून मी दाणे पूर्ण बंद नाही केले (परवडत नाही हो), पण सकाळी पाउच आणि त्यात चार चमचे कोमट पाणी, रात्री दाणे. चिकन उकडलेलं पाणीही देते, मीठ न घालता. कांदा-लसूण चुकूनही नको, दोन्ही मांजराला विषारी आहेत. पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवलीत, खाण्याच्या ताटलीपासून लांब. त्याला कुंडीखालची मातीची पसरट थाळी सगळ्यात आवडते, स्टीलच्या वाटीकडे बघत नाही.

आणि गोळे मोजा. घट्ट होणारी माती वापरत असाल तर लघवीचा गोळा होतो. निरोगी मांजराचे साधारण दोन ते चार गोळे रोज निघतात, तुमच्या बोक्याचा आकडा तुम्हाला पाठ असला पाहिजे. मी दूध तापायला ठेवते तेव्हा ट्रे उपसते आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहिते. नवरा हसायचा. मागच्या मे महिन्यात सुपारीएवढे सात गोळे निघाले, त्याच दुपारी दाखवलं. सूज होती, अडकलेलं नव्हतं, वेदनाशामक औषधावर भागलं. तुम्ही बांधकामाची वाळू वापरत असाल तर गोळे होत नाहीत, तेव्हा महिन्यातून निदान आठवडाभर तरी घट्ट होणारी माती घालून बघा.

भिंतीवर, शेपूट वर करून उभ्याने मारलेली पिचकारी मात्र वेगळी. ती हद्द आखणं असतं. बसून, पलंगावर किंवा मोरीत केलेली लघवी हे खोडीचं लक्षण समजून मारू नका, बहुतेकदा त्याला ट्रेमध्ये दुखलेलं असतं.

पुन्हा होतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. होतं, आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही दिवसांत. खंडू घरी आल्यावर नवव्या दिवशी पुन्हा अडकला, पण तेव्हा दोन तासांच्या आत दवाखान्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. वारंवार अडकणाऱ्या बोक्यांसाठी एक ऑपरेशन असतं, त्यात टोकाचा अरुंद भाग काढून रुंद वाट करून देतात. अडकणं बहुतांशी थांबतं, पण सूज, खडे यांचा त्रास त्याने जात नाही आणि नंतर संसर्ग होण्याची शक्यता वाढते. आम्हाला डॉक्टरांनी तिसऱ्यांदा अडकला तर ते करू असं सांगितलं होतं. तीन वर्षं झाली, तशी वेळ आलेली नाही. गणपतीत मात्र त्याला आता आतल्या खोलीत, ट्रे आणि पाण्याच्या थाळीसकट, दार लावून ठेवतो.