'वहिवाट', 'रूढी' की 'गावरहाटी'?

कायद्याच्या समाजशास्त्रावर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'जिवंत कायदा' (राज्याने लिहून दिलेला नसला तरी लोक प्रत्यक्षात बंधनकारक मानून पाळतात तो कायदा) या संकल्पनेसाठी 'वहिवाट' हा रुळलेला शब्द वापरावा का. माझ्या मते वापरू नये.

वहिवाट म्हणजे जमिनीचा किंवा वाटेचा प्रत्यक्ष उपभोग. शेजाऱ्याच्या परड्यातून विहिरीकडे जाणारी वाट 20 वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरली असेल, तर 1882च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या आधारे न्यायालय तो हक्क मान्य करते. म्हणजे वहिवाटीला अखेर राज्याच्या कायद्याचाच टेकू लागतो. 'रूढी'चेही तेच झाले आहे, कारण 1955च्या हिंदू विवाह अधिनियमात तिची व्याख्याच दिलेली आहे.

ऑस्ट्रियाचे कायदेपंडित ऑयगेन एर्लिख यांनी 1913 साली 'जिवंत कायदा' मांडला तो नेमका या टेकूशिवाय चालणाऱ्या व्यवहाराविषयी. त्यांच्या बुकोविना प्रांतात (आज हा भाग रुमानिया आणि युक्रेनमध्ये आहे) ऑस्ट्रियाची 1811ची नागरी संहिता लागू होती आणि तिच्यानुसार मुलाची कमाई मुलाची होती. तरीही शेतकरी घरांत ती बापाच्याच हाती जाई आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे.

या अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द सिंधुदुर्गात आहे, तो म्हणजे 'गावरहाटी'. जुन्या मराठीत 'राहाटणे' म्हणजे वागणे, व्यवहार करणे. मानकऱ्यांचा क्रम, गाऱ्हाणे कोणी घालायचे, पालखी कोणाच्या दारी थांबायची, हे सारे गावरहाटीत येते. मालवण तालुक्यातील आचऱ्याची गावपळण पाहावी: देवाचा कौल झाला की सारा गाव घरे बंद करून, गुरेढोरे, कोंबड्या घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. असे करण्यास सांगणारा एकही अधिनियम नाही, तरी 'जायलाच हवे' ही भावना पक्की असते, आणि एर्लिख यांना महत्त्वाची वाटते ती हीच बंधनकारकता.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर मात्र येथे अडवतील, कारण नियम अमलात आणणारी माणसे नेमलेली असतील तरच ते त्याला कायदा म्हणतात आणि केवळ लोकांच्या नापसंतीवर टिकणाऱ्या नियमाला संकेत. मानकऱ्यांना अशी यंत्रणा मानावे का, हा प्रश्न खरोखर वादाचा आहे आणि टिपणात तो जरूर घ्यावा.

'गावरहाटी' हा शब्द विदर्भातील वाचकाला अपरिचित वाटेल. म्हणून परिभाषा म्हणून 'जिवंत कायदा' हीच संज्ञा ठेवावी आणि 'गावरहाटी' तिचे उदाहरण म्हणून, अर्थ सांगून द्यावी.