वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात, हे बरोबर आहे का?

नाही. श्वसन चोवीस तास चालूच असतं, दिवसा ते झाकलं जातं इतकंच. भर उन्हात पान श्वसनातून सोडतं त्याच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड प्रकाशसंश्लेषणासाठी ओढून घेतं, म्हणून बाहेरून मोजणाऱ्याला फक्त ऑक्सिजन सुटताना दिसतो.

एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) प्रकाशातूनच मिळतो, तर पानाला श्वसन कशाला? कारण हरितलवकातला (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या भागातला) एटीपी बहुतेक तिथेच साखर बनवण्यात खर्ची पडतो. पेशीच्या बाकी कामांसाठी ती साखर तोडावी लागते. मुळांमध्ये तर सहसा हरितलवकच नसतात. शेतात पाणी साचलं की मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं, त्यामागे हेच आहे.

साखर तुटते ती टप्प्याटप्प्याने. पेशीद्रवात एका ग्लुकोजपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू आणि निव्वळ 2 एटीपी मिळतात. ऑक्सिजन नसेल तर कमाई इथेच थांबते. असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जातं. ऑक्सिश्वसनातला सगळा कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो. साखरेतून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून जाताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनतो. (हे मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) एका ग्लुकोजमागे एकूण हिशोब पाठ्यपुस्तकात 38 एटीपी असा असतो, आज 30 ते 32 धरतात.

या दोन क्रियांची समीकरणं उलटसुलट दिसतात, पण वाटा वेगळ्या आहेत. प्रकाशसंश्लेषणात सुटणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. श्वसनात तोच साखळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा पाणी होतो.

घरी पाहायचं असेल तर हिरवं पान घेऊ नका, उजेडात ते चकवतं. मोड आलेली मटकी घ्या. पाणी पूर्ण निथळून ती थर्मासमध्ये अर्ध्यापर्यंत भरा, थर्मामीटरचं टोक दाण्यांच्या मधोमध ठेवा आणि तोंडाला बूच नको, कापूस लावा. हवा खेळली पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत श्वसनाच्या उष्णतेने तापमान चढलेलं दिसेल. तुलनेसाठी दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेली मटकी लागते, पण ती आधी सौम्य जंतुनाशकात बुडवून घ्या. नाहीतर मेलेल्या दाण्यांवर जंतू वाढतात, त्यांच्या श्वसनाने तोही थर्मास तापतो आणि तुलना फसते.