मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू केल्यापासून रोज पहाटे पोट बिघडतंय, बंद करू का?

आधी डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, कारण तुमच्या प्रश्नात नेमकं तेच राहिलंय. तुम्ही लिहिलंय की वय ५४, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, कुणीतरी सांगितलं म्हणून ऑनलाइन मॅग्नेशियम मागवलं, झोपताना दोन गोळ्या एकदम घेता आणि पहाटे बाथरूमकडे पळावं लागतं, शिवाय बीपीची गोळी चालू आहे. मी फार्मसिस्ट आहे, मेडिकलच्या काउंटरवर हल्ली हा प्रश्न बराच येतो, आणि दहातल्या नऊ जणांना आपण मॅग्नेशियमचा नक्की कुठला प्रकार खातोय हेच माहीत नसतं.

डबीवर पुढे मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा पूर्ण क्षाराच्या, म्हणजे मॅग्नेशियम आणि त्याला जोडलेला दुसरा पदार्थ मिळून होणाऱ्या वजनाचा असतो. आतलं खरं मॅग्नेशियम वेगळं, ते मागे 'एलिमेंटल' असं लिहिलेलं शोधायचं. प्रकाराप्रमाणे बघा, बिसग्लायसिनेट १००० मिग्रॅ म्हणजे साधारण १४० मिग्रॅ मॅग्नेशियम, सायट्रेट १००० म्हणजे १६०च्या आसपास, पण ऑक्साइडची ५०० मिग्रॅची एकच गोळी घेतली तरी ३०० मिग्रॅ होतं. ऑक्साइड स्वस्त, गोळी लहान आणि आकडा मोठा, म्हणून कंपन्यांना आवडतं. फक्त ते अंगी फार कमी लागतं आणि जे रक्तात जात नाही ते आतड्यात राहून पाणी ओढून घेतं, मग पोटात गुडगुड, मुरडा आणि पातळ जुलाब. मिल्क ऑफ मॅग्नेशिया बद्धकोष्ठावर देतात ते याच कारणासाठी, आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधात मॅग्नेशियमसोबत ॲल्युमिनियम घालतात कारण एकाने जुलाब होतात, दुसऱ्याने पोट घट्ट होतं, दोघं मिळून जमतं. थोडक्यात तुम्ही पेटक्यांची गोळी समजून जुलाबाचा डोस घेताय असं समजा. सायट्रेटनेही हे होतं बरं का, बिसग्लायसिनेट बऱ्याच जणांना सौम्य पडतं.

मोठ्या माणसाला गोळ्यांतून किती चालतं, तर अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला ३५० मिग्रॅ धरतात, युरोपात २५०. हे फक्त सप्लिमेंटचं, जेवणातलं यात मोजत नाहीत. आपल्या आयसीएमआरने (भारतातली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) रोजची गरज पुरुषांना ४४० आणि बायकांना ३७० मिग्रॅ सांगितली आहे, पण ती सगळी मिळून, म्हणजे भाकरी डाळ भाजी सगळं धरून, त्यामुळे तेवढ्याच्या गोळ्या खायच्या असा अर्थ काढू नका.

आता काय करायचं. जुलाब होतायत तोवर गोळी बंद ठेवा, पाणी आणि ओआरएस घ्या, कारण जुलाबातून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही जातं आणि पोटॅशियम कमी झालं की परत गोळे येतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच वाढायचं. पोट जागेवर आलं, किडनी ठीक आहे हे माहीत असलं आणि तरीही घ्यायचंच असलं तर एकच गोळी, जेवणानंतर, रिकाम्या पोटी नको. थोडं थोडं घेतलं की जास्त अंगी लागतं. गोळी बंद करून चार-पाच दिवसांनीही जुलाब थांबले नाहीत, किंवा रक्त पडलं, ताप आला, तर मॅग्नेशियमला दोष देत बसू नका, डॉक्टरकडे जा.

खरं सांगायचं तर मला तुमच्या जुलाबाची फार काळजी नाही, किडनीची आहे. जास्तीचं मॅग्नेशियम किडनी बाहेर टाकते, ती अशक्त असेल तर ते रक्तात साठतं, मग मळमळ, चेहरा लाल होणं, सुस्ती, स्नायू ढिले पडणं, बीपी उतरणं आणि फारच वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडणं, इथपर्यंत जातं. बीपी आहे, कदाचित साखरही असेल, तर क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, शेवटच्या कधी केल्यात? ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी जास्त घाबरतो, ते पोट साफ व्हायचं औषध, वर अँटासिड, वर ही गोळी, तिन्हींत मॅग्नेशियम आणि कुणीच बेरीज करत नाही.

इतर औषधांचं पटकन सांगतो. थायरॉईडची गोळी आणि मॅग्नेशियम यात ४ तासांचं अंतर. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक मॅग्नेशियमच्या आधी २ तास नाहीतर नंतर ४ ते ६ तास, नाहीतर अँटिबायोटिक पोटातच अडकतं. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम उलट कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०११ मध्येच तशी सूचना काढलीये.

आणि पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल म्हणाल तर, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये सगळे अभ्यास तपासून म्हटलंय की वय झालेल्या लोकांच्या पायातल्या पेटक्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय फायदा होण्याची शक्यता कमीच. झोपायच्या आधी पोटऱ्या ताणा, फुकट आहे. मॅग्नेशियम पोटात जावंसं वाटत असेल तर बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे खा, मूठभर भोपळ्याच्या बियांत दीडशे मिग्रॅच्या आसपास मिळतं. किडनी चांगली असेल तर खाण्यातल्या मॅग्नेशियमने काही बिघडत नाही.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोर्थालिडोन असेल तर लघवीवाटे मॅग्नेशियम पोटॅशियम जातं, गोळे त्यानेही येतात, डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या, बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि स्पिरोनोलॅक्टोन असेल तर उलट मॅग्नेशियम अंगात धरून ठेवलं जातं, तेव्हा आज रात्रीची मॅग्नेशियमची गोळी घेऊच नका, आधी डॉक्टरांना फोन करा.