परदेशी जाण्यापूर्वी जुनी उपकरणं: काय दुरुस्त करायचं, काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिन्यांनी सहकुटुंब निघायचं आहे, अमेरिका की जर्मनी ते पक्कं व्हायचंय. दहा वर्षांचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन कपडे पिळताना घरघरतं, बारा वर्षांचा फ्रिज नीट गार होत नाही, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह ठीक आहेत. दुरुस्त करत बसावं, की आत्ताच नवीन घेऊन तेच सोबत न्यावं?

नवीन काहीही घेऊ नका. एरवीचा ढोबळ नियम असा की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल आणि यंत्राचं निम्मं आयुष्य सरलं असेल, तर नवीन घ्यावं. हा नियम पुढची दहा वर्षं त्याच घरात राहणाऱ्यासाठी आहे. तुम्हाला आठ महिने काढायचे आहेत आणि खोक्यातून बाहेर आलेल्या नव्या यंत्राची विक्रीची किंमत लगेच घसरते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीला एकच विचारा: एवढ्या खर्चात आठ महिने निघतील का?

आधी फ्रिज, कारण त्यात बिघाड बहुतेक वेळा वाटतो त्यापेक्षा किरकोळ असतो. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ४ अंशांच्या आसपास दिसायला हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. नसेल तर या क्रमाने बघा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा; सहज निसटला तर दाराच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, गेलं आहे. जाळी मागे उघडी असेल तर प्लग काढून त्यावरची धूळ ब्रशने झाडा. धुळीमुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो. फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये फ्रीझर गार पण खालचा कप्पा कोमट असेल, तर बहुधा आत बर्फ साचून हवेचा रस्ता बंद झालेला असतो. बर्फ वितळवणारा डिफ्रॉस्ट हीटर, बायमेटल (त्याचा तापमानावर चालणारा स्विच) किंवा टायमर यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. हे तिन्ही भाग स्वस्त आहेत.

दर काही मिनिटांनी मागून ‘टक’ आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही? मग प्लग काढून कॉम्प्रेसरवरचा स्टार्ट रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) उपसा आणि कानाशी हलवा. आत खडखडलं तर रिले फुटला आहे, तो बदलून काम भागतं. रिले ठीक असेल तर मल्टिमीटरने कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला, दोन-दोन पिना घेऊन, रोध (रेझिस्टन्स) मोजा. दोन लहान आकड्यांची बेरीज जवळपास तिसऱ्याएवढी हवी, आणि कोणत्याही पिनेपासून कॉम्प्रेसरच्या पत्र्यापर्यंत जोड दिसता कामा नये. (इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला ही पद्धत चालत नाही, त्यात तिन्ही आकडे सारखे येतात.) कॉम्प्रेसरच जळाला असेल तर बारा वर्षांच्या फ्रिजवर खर्च करू नका. ‘गॅस संपलाय, भरून देतो’ यावर मात्र लगेच हो म्हणू नका. गॅस बंद नळीत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून, ब्रेझिंग करून (नळी धातू वितळवून सांधून), व्हॅक्यूम पंप लावून मगच भरला तर टिकतो. गळती भिंतीच्या आतल्या नळीत असेल तर आठ महिन्यांसाठी एखादा जुना, चालू फ्रिज घ्या.

वॉशिंग मशीनची घरघर फक्त पाणी बाहेर जाताना येत असेल तर ड्रेन पंपात नाणं किंवा बटण अडकलं आहे. खालचं झाकण उघडा, फिल्टर फिरवून काढा. पिळतानाच येत असेल तर प्लग काढा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. बाहेरच्या टबसकट हलला तर ठीक, कारण तो स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. टब स्थिर आणि आतला ड्रमच डुगडुगला, तर बेअरिंग गेलं. टबच्या मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसला तर सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये शिरलं आहे. टब बोल्टने जोडलेला असेल तर बेअरिंग आणि सील दोन्ही एकत्र बदलून घ्या, नुसतं बेअरिंग नको. टब वेल्ड केलेला असेल तर अख्खा टब बदलावा लागतो. तो खर्च तुमच्या बाबतीत वाया जाईल. डुगडुग नसून नुसता आवाज असेल तर स्पिन (पिळण्याचा वेग) मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवा, कपडे निम्मेच भरा आणि दिवस काढा.

आता सोबत न्यायचं काय. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची (हर्ट्‌झ म्हणजे विजेची सेकंदाला आवर्तनं). अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. २३० व्होल्टचा हीटर तिथे जेमतेम २७ टक्के शक्ती देतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ नाही, त्यामुळे साधा कॉम्प्रेसर किंवा इंडक्शन मोटर वेगळ्या वेगाने चालते. शिवाय तिथलं नेहमीचं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॉटपर्यंतचं; सलग चालणाऱ्या भाराला त्यातले १४४० धरायचे. वॉशिंग मशीनचा विषय इथेच संपला. मायक्रोवेव्हही ठेवून जा, आणि तो स्वतः कधीही उघडू नका: प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो.

मिक्सर मात्र न्या. त्यातली कार्बन ब्रशची मोटर हर्ट्‌झला जुमानत नाही. ७५० वॉटच्या मिक्सरला १५०० वॉटचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण सुरू होताना मोटर कितीतरी जास्त प्रवाह ओढते. वजनाला हलका ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ घेऊ नका. निघण्यापूर्वी मिक्सरचे ब्रश आणि कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) बदला, प्रत्येकी एक जोड बॅगेत टाका. हे भाग तिथे मिळणं अवघड असतं. चार्जरवर ‘१००-२४०’ छापलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरे.

जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच आहेत, तरीही मोठी यंत्रं नेऊ नका. भारतातल्या मॉडेलचे भाग आणि वॉरंटी तिथे मिळेलच असं नाही. तिथे भाड्याची बरीच घरं ओट्याशिवाय, यंत्रांशिवाय मिळतात, तेव्हा खरेदी करावीच लागेल. मार्च २०२१ पासूनच्या युरोपीय नियमांनुसार वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही १० वर्षं, फ्रिजचे ७ वर्षं आणि फ्रिजच्या दाराचं गॅस्केट १० वर्षं मिळायला हवं. जुनं घेताना म्हणूनच रेटिंग प्लेटवरचा मॉडेल क्रमांक आधी बघा, आणि शक्यतो दुकानदाराकडून घ्या; खासगी विक्रेता हमी नाकारू शकतो. तिथे कारागिराची मजुरी भागापेक्षा महाग पडते, त्यामुळे मल्टिमीटर सोबत असू द्या. घरमालकाचं यंत्र बिघडलं तर मात्र हात लावू नका, लेखी कळवा.

इथलं घर बंद ठेवणार असाल तर फ्रिज पुसून कोरडा करा आणि दार फटीइतकं उघडं ठेवा. मशीनचा नळ बंद, फिल्टरमधलं पाणी काढलेलं. रिमोटमधले सेल काढा, ते पाझरतात. वीज गेल्यावर चालणाऱ्या घरच्या इन्व्हर्टरची लेड ॲसिड बॅटरी विकून टाका. महिनोन्‌महिने चार्ज न होता पडून राहिली तर ती खराब होते.